विंगेतून

निवारा सभागृहात पंखे बरेच, वारा कमी.
पाचचा कार्यक्रम पाचला सुरू झाला,
पुण्यात एवढं एक अजून शाबूत आहे.
पुढच्या रांगेत गुडघे, मागच्या रांगेत खोकला,
मधे मी,
पर्समध्ये आल्याची वडी आणि चष्म्याचं रिकामं घर.

गाणारी मुलगी विशीतली. शर्वाणी.
तिचा तानपुरा मोबाइलमध्ये.
निवेदिका म्हणाली, "आता एक विस्मृतीत गेलेलं पद.
टेलिफोन खात्यातल्या हौशी मंडळींनी
एकोणऐंशी साली केलेल्या नाटकातलं.
जुन्या बाजारात एका कॅसेटवर सापडलं."

जुन्या बाजारात.
बरं.

तिनं सूर लावला
आणि माझ्या डाव्या हातात वही आली.
दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची, पान मुडपलेली,
उजव्या हातात बॅटरी, तिच्यावर लाल जिलेटीन,
प्रेक्षकांना दिसू नये म्हणून.
भरत नाट्य मंदिराची उजवी विंग.
स्पिरिट गमचा वास, घामाचा वास,
आणि तो खिळा,
ज्यात माझं पातळ अडकलं होतं
ते मी सोडवलं नव्हतं.

मी प्रॉम्प्टर.
दिवसभर बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये
मिरज बोला, नाशिक बोला, तीन मिनिटं झाली.
संध्याकाळी तोच आवाज घोटून इतका बारीक करायचा
की नटाला कळावा
आणि पहिल्या रांगेला नाही.

भोंडवे गात होता. लाइनमन.
खांबांवर चढून चढून पोटऱ्या घट्ट झालेला,
अनवाणी, धोतर जरा आखूड.
दुसरा अंतरा.
नेऊरगावकरांनी लिहिलं होतं
"वाट सरेना, पायी उजेड गुंतला."
तो "पायी"पर्यंत आला.
थांबला.
विंगेकडे वळला.
माझं बोट त्याच शब्दावर होतं.
डोळे नव्हते.
डोळे त्याच्या टाचेवरच्या भेगेवर होते,
तिच्यात स्टेजची धूळ भरली होती,
आणि मला ती पुसावीशी वाटत होती,
पदरानं, आत्ता, सगळ्यांदेखत.

तबलजीनं एक आवर्तन कसंबसं भरून काढलं.
मग भोंडव्यानं कुठून तरी स्वतःच शब्द आणला
"पायी उशीर गुंतला."

टाळ्या पडल्या. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.
नेऊरगावकर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सांगितलं नाहीत तुम्ही?"
"सांगितलं. ऐकू गेलं नसेल," मी म्हटलं,
जिची बत्तीस वर्षांची नोकरी
ऐकू जाण्यावर चालली, त्या मी.

पुढच्या जूनमध्ये भोंडव्याची लातूरला बदली.
त्यानं कधी ट्रंककॉल लावला नाही.
मीही नाही.
मला तर फुकट लागला असता.

शर्वाणी दुसऱ्या अंतऱ्यावर आली.
"पायी"पाशी थांबली,
तो थांबला होता तेवढीच,
एक अख्खं आवर्तन.
माझी चूक तिनं मात्रा मोजून पाठ केली होती.
मग मान किंचित उजवीकडे वळवून,
हे तर कॅसेटवर नव्हतं, हे तिला कुणी शिकवलं,
म्हणाली, "उशीर."

"कवीनं इथे उशीर हा शब्द
किती विचारपूर्वक योजलाय, पाहा," निवेदिका म्हणाली.
शेजारचे गृहस्थ "वा" म्हणाले.
मीही म्हटलं.

चहाला थांबले नाही.
रिक्षावाल्यानं वीस रुपये जास्त मागितले, दिले,
ही गोष्ट घरी कुणाला पटायची नाही.
आमच्या जिन्यातला दिवा महिनाभर बंद आहे,
सोसायटीची मीटिंग त्यावर दोनदा झाली.
कठडा धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत आले,
आणि तिथे, अंधारात, श्वास घेत,
विंगेतल्या आवाजात म्हटलं,
"उजेड."

दार किलकिलं झालं. गोडबोले.
"कोण? काय हवंय?"
"काही नाही हो," मी म्हटलं,
"किल्ली शोधतेय."